शून्य अल्बम

आमच्या मिरजेच्या घरातलं गाणं एका जागी राहत नाही. त्याच्या फाइली मधल्या खोलीत, कपाटाच्या वरच्या खणातल्या डिस्कच्या पेटीत असतात. त्या वाजवणारा, रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक दिवाणखान्यात, अण्णांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे असतो. आणि गाणं मागायचं ते फोनवरून: स्वयंपाकघरातून, गच्चीवरून, नाहीतर पलंगावर पडल्यापडल्या. या तिघांना बांधून ठेवणारं जे असतं ते डोळ्यांना दिसत नाही. तो यंत्रांनी आपापसात केलेला करार असतो. तू अमुक पत्त्यावर राहशील, अमुक भाषेत बोलशील, मी माझं नाव सांगेन आणि तू मला अमुक फोल्डर वाचू देशील. करार पाळला जातो तोवर त्याची कुणाला आठवणही होत नाही. सकाळी अण्णा खुर्चीत बसतात, ललत नाहीतर तोडी लावतात आणि घराचा दिवस सुरू होतो.

अण्णा माझे सासरे. रेल्वेतून निवृत्त झाले. रात्रपाळी नसेल त्या शनिवारी ते रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून बसायचे. आकाशवाणीची संगीताची अखिल भारतीय सभा १९५२ साली सुरू झाली आणि पुढची कित्येक दशकं शनिवारची रात्र म्हणजे ती सभा, असं आमच्यासारख्या अनेक घरांत ठरून गेलं होतं. त्याखेरीज सांगली केंद्रावरची स्थानिक कलाकारांची गाणी, ओळखीच्यांकडच्या बैठकी, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीसाठी इथल्या दर्ग्यात दरवर्षी होणारा उत्सव. खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका तीन-साडेतीन मिनिटांच्या, कारण ७८च्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. अण्णांच्या कॅसेटला ती अडचण नव्हती, पण दुसरी होती. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची, नव्वदच्या कॅसेटची पाऊण तासाची, आणि विलंबित ख्याल काही बाजू बघून संपत नाही. त्यामुळे अण्णांच्या संग्रहात ठिकठिकाणी दोन-तीन आवर्तनं नाहीत. ती कॅसेट उलटताना गेली. गायक समेच्या दिशेने निघालेला असतो आणि पुढच्या क्षणी वेगळ्याच आवर्तनाच्या मध्यात असतो.

या कॅसेटी मी संगणकात घेतल्या. या कामाला जवळची वाट नाही. तासाच्या कॅसेटला तासच लागतो आणि तो ऐकूनच काढावा लागतो. सीडीच्या दर्जाने घेतलं तर एका तासाचे सुमारे ६३५ एमबी होतात. फ्लॅक या पद्धतीने ते साधारण निम्म्यावर येतात आणि ध्वनीतला एक कणही जात नाही. २००१ साली ही पद्धत आली आणि ती कुणालाही मोफत वापरता येते. माझ्या मते घरच्या संग्रहाला एवढा आधार दुसऱ्या कशाने दिलेला नाही. या फाइली वाजवणारा सर्व्हर प्रोग्रॅमही असाच टिकून राहिला. स्लिम डिव्हाइसेस नावाच्या छोट्या कंपनीने तो लिहिला. २००६ साली ती कंपनी लॉजिटेकने घेतली आणि २०१२ साली त्या सर्व्हरला जोडून चालणारे प्लेअर बनवणं थांबलं. पण प्रोग्रॅम मुक्त होता, म्हणून वापरणाऱ्यांनीच तो सांभाळला, सुधारला, आणि आज तो लिरियन म्युझिक सर्व्हर या नावाने चालतो. पगार न घेता कुणीतरी कुठेतरी बसून तो नीट ठेवतं म्हणून मिरजेत अण्णांची तोडी लागते, हे मला फार मोलाचं वाटतं.

मे महिन्यात वळीव आला. आमच्याकडचा वळीव ऊन डोक्यावर असतानाच चाल करून येतो. आधी धूळ, मग वारा, मग विजा. त्यातल्या एका विजेने राउटर गेला आणि रास्पबेरी पायमधलं कार्डही गेलं. नवा राउटर आला. नव्या कार्डावर मी नवी प्रणाली बसवली, नवा सर्व्हर बसवला, फोन हातात घेतला. पडद्यावर तीन ओळी आल्या: अल्बम शून्य, कलाकार शून्य, गाणी शून्य.

"अगं, आज लागत नाही का?" अण्णांनी खुर्चीतून विचारलं.

"लागेल अण्णा. फाइली शाबूत आहेत. तिथवर पोचता येत नाहीये."

ते "बरं" म्हणाले आणि पेपर उघडला. त्यांना त्या वाक्यातला फरक कळला होता. कॅसेटी तळघरात भिजल्या हे वेगळं आणि कपाटाची किल्ली सापडत नाही हे वेगळं. माझ्या मुलाने पुण्याहून फोनवर सांगितलं, "आई, ते शेअर केलेलं फोल्डर आत्ता डोक्यातून काढून टाक. आधी पिंग कर." त्याचं बरोबर होतं. तंबोरा लावताना आधी जोडीच्या तारा लावतात, मग खर्ज आणि पंचम. जोड बेसूर असताना पंचमाची खुंटी पिळणारा माणूस पिळतच राहतो, आणि दोन खुंट्या एकदम फिरवल्या तर कुठली तार कशामुळे हलली ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत लहानपणापासून वावरलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. बिघाड शोधतानाही एका वेळी एकच खुंटी फिरवायची, कान द्यायचा, मग पुढची.

पिंग म्हणजे नुसती हाक. तू आहेस का? समोरून उत्तर आलं तर त्याला किती मिलिसेकंद लागले तेवढं कळतं. पेटीने उत्तर दिलं नाही. कारण लगेच दिसलं. जुना राउटर सगळ्यांना १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते द्यायचा, नवा १९२.१६८.० ने सुरू होणारे देत होता, आणि पेटीला तिचा पत्ता फार पूर्वी हाताने पक्का करून दिलेला होता. घर तेच, कपाट तेच, तारही तीच, पण तिसरा आकडा बदलल्यामुळे पेटी दुसऱ्याच जाळ्यात उभी होती. या १९२.१६८च्या पत्त्यांचं मला नेहमी कौतुक वाटतं. १९९६च्या एका नियमपत्राने ते खासगी वापरासाठी राखून ठेवले. जगातल्या असंख्य घरांत आत्ता या क्षणी तेच पत्ते चालू आहेत, आणि घराच्या भिंतीबाहेर त्यांना काहीही अर्थ नाही. मी लॅपटॉप तारेने थेट पेटीला जोडला, त्याला तेवढ्यापुरता जुन्या जाळ्यातला पत्ता दिला, पेटीचं सेटिंगचं पान उघडलं आणि पत्ता राउटरकडून घ्यायला तिला सांगितलं. मग राउटरमध्ये पेटीच्या नेटवर्क कार्डाचा कायमचा क्रमांक नोंदवून तिच्यासाठी एक पत्ता राखून ठेवला. कुणाला पक्का पत्ता द्यायचा असेल तर तो असाच, देणाऱ्याच्या वहीत लिहून द्यावा. घेणाऱ्याने स्वतःशी धरून ठेवलेला पत्ता राउटर बदलला की निरुपयोगी होतो.

आता पिंगला उत्तर येत होतं. तरीही लॅपटॉपच्या नेटवर्कच्या खिडकीत पेटी दिसत नव्हती, आणि इथे पुष्कळ माणसं थांबतात. दिसत नाही म्हणजे बंद पडली असं धरून पेटी बदलायला निघतात. पण ती खिडकी म्हणजे कोण कोण हजर आहे याची यादी, आणि ती यादी करण्याची जुनी रीत नव्या विंडोजमध्ये राहिलेली नाही. आता यंत्राने दुसऱ्या पद्धतीने आपली हजेरी पुकारावी लागते, आणि जुन्या पेट्यांना ती पद्धत येत नाही. यादीत नाव नसलेलं यंत्र दोन उलट्या तिरप्या रेषा देऊन नावानिशी किंवा पत्त्यानिशी हाक मारली तर ओ देऊ शकतं. म्हणून दिसण्यावर विसंबू नये.

रास्पबेरी पायवरून मी शेअर जोडायचा हुकूम दिला, आणि समोर आलं: चूक क्रमांक ११२, होस्ट इज डाउन. शेजारच्या खिडकीत पिंगची उत्तरं एकामागून एक येत होती, एका मिलिसेकंदाच्या आत. पेटी जागी होती, हाकेला ओ देत होती, आणि त्याच वेळी दुसरा प्रोग्रॅम सांगत होता की ती बंद आहे. त्या दोन खिडक्यांकडे मी बराच वेळ पाहत राहिले. दोन्ही खरं बोलत होत्या. पेटीला फक्त एकच जुनी बोली येत होती, आणि नव्या कार्डावरच्या नव्या प्रणालीने त्या बोलीत तोंड उघडायचंच नाही असं ठरवलेलं होतं.

ती बोली एसएमबी. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी ती रचली. एका संगणकाला दुसऱ्यावरची फाइल आपलीच असल्यासारखी उघडता यावी यासाठी. पुढे तिच्या आवृत्त्या निघाल्या. पहिली आवृत्ती कच्ची होती, आणि ती किती कच्ची आहे ते १२ मे २०१७ रोजी साऱ्या जगाने पाहिलं. वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम याच पहिल्या आवृत्तीच्या फटीतून यंत्रामागून यंत्रात शिरत गेला. ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांतल्या रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया त्या दिवसांत रद्द झाल्या. फट बुजवणारी दुरुस्ती दोन महिने आधीच निघालेली होती; ती सगळीकडे पोचली नव्हती. त्याच वर्षी रास्पबेरी पायवर चालणाऱ्या लिनक्सने आपणहून पहिल्या आवृत्तीत बोलणं सोडलं, विंडोजनेही नव्या यंत्रांवर ती बसवणं बंद केलं, आणि २०१९ साली सांबानेही, म्हणजे हीच बोली बोलणाऱ्या मुक्त प्रोग्रॅमनेही, ती आपणहून वापरणं थांबवलं. आमची पेटी त्याआधीच्या काळातली.

जुनी बोली परत सुरू करायला एक शब्द पुरतो. जोडण्याच्या हुकुमात आवृत्ती एक असं लिहायचं आणि गाणं लागतं. ते लिहायचं नाही असं मी ठरवलं. घरातल्या यंत्रांत गाणीच आहेत, कोण कशाला येईल, असं म्हणणारे भेटतात. पण अण्णांच्या कॅसेटीतल्या कित्येक आवाजांची दुसरी प्रत कुठेच नाही. जे पुन्हा मिळणार नाही त्याला कच्च्या दारामागे ठेवू नये. पेटीतली डिस्क मी काढली आणि ती एका दुसऱ्या लहान संगणकाला जोडली, ज्यावर नवा सांबा होता.

सांबाची गोष्ट मला फार आवडते. १९९१च्या अखेरीस कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांना आपल्या डॉसच्या पीसीवरून विद्यापीठाच्या युनिक्स यंत्रावरची जागा वापरायची होती. बोलीचं व्याकरण हाताशी नव्हतं. त्यांनी तारेवरून जाणारं बोलणं पकडणारा प्रोग्रॅम लिहिला आणि नुसतं ऐकलं: हा काय म्हणतो, तो काय उत्तर देतो, मग हा काय मागतो. पुढे त्यांनी ही रीत समजावून सांगताना फ्रान्समधल्या कॅफेचं उदाहरण दिलं. भाषा येत नसलेला माणूस तिथे बसतो, लोक वेटरला काय म्हणतात आणि त्यावर काय येतं ते लक्षपूर्वक पाहतो, आणि हळूहळू स्वतः मागू लागतो. मिरजेत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटायला नको. इथे गाणं असंच शिकलं गेलं, गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसून, ऐकून ऐकून. आज जगभरच्या घरांतल्या डिस्कच्या पेट्यांत सांबा बसलेला आहे आणि त्याचं मूळ या ऐकण्यात आहे.

नव्या यंत्रावर डिस्क उघडली. फोल्डर होते, नावं होती, पण प्रत्येक फाइलसमोर मालकाच्या जागी नाव नव्हतं, आकडा होता. लिनक्स मालकाचं नाव फाइलवर लिहीत नाही, त्याचा क्रमांक लिहितं. कुठला क्रमांक कुणाचा ते प्रत्येक यंत्राच्या आपापल्या वहीत असतं. जुन्या पेटीच्या वहीत त्या आकड्याला नाव होतं, इथल्या वहीत नव्हतं. काही फोल्डर त्याहून विलक्षण निघाले. त्यांच्या आतली नावं वाचता येत होती, पण नावाखेरीज सगळीकडे प्रश्नचिन्हं होती. आकार प्रश्नचिन्ह, तारीख प्रश्नचिन्ह, मालक प्रश्नचिन्ह. फोल्डरला वाचण्याची परवानगी वेगळी असते आणि आत जाण्याची वेगळी. फक्त पहिली असेल तर आतल्यांची नावं दिसतात, भेट होत नाही. मारवा, पूरिया, श्री, अण्णांच्या हातच्या क्रमाने लावलेले संध्याकाळचे राग एकाखाली एक दिसत होते आणि एकही उघडत नव्हता. मालकी बदलली, फोल्डरांना आत जाण्याची परवानगी दिली, प्रश्नचिन्हं गेली.

तरी रास्पबेरी पायला अजून नकार येत होता. आता मात्र तो वेगळा होता: चूक क्रमांक १३, परवानगी नाही. कारण साधं असतं. यंत्रात शिरण्याचा पासवर्ड आणि सांबाचा पासवर्ड हे दोन वेगळे असतात, आणि सांबाच्या वहीत नाव स्वतंत्रपणे घालावं लागतं. पण तो आकडा पाहून मला आनंद झाला, तो सांगायला हवा. २ क्रमांकाची चूक म्हणते, असं काही सापडत नाही. ११२ म्हणते, कुणी नाही. १३ म्हणते, आहे, पण तुला नाही. नकारांत हा सगळ्यात प्रामाणिक नकार आहे. पत्ता बरोबर निघाला, वाट मोकळी निघाली, बोली जुळली, कुणीतरी नाव ऐकून घेतलं आणि वही उघडून पाहिली. आता एकच गोष्ट उरली आहे, आणि ती माणसाच्या हातातली आहे.

सांबात एक सोय आहे. ज्याला जे वाचायची परवानगी नाही ते त्याला दाखवायचंच नाही, असं सांगता येतं. मग परवानगी नाही असं उत्तरच येत नाही; त्या माणसापुरतं ते नसतंच. कचेरीत याला अर्थ आहे. परक्याला आत काय आहे याचा सुगावाही लागू नये. पण घरच्या गाण्याला ही सोय लावताना माझा हात थांबला. संगीताच्या संग्राहकांत ही रीत माणसांमध्ये फार पूर्वीपासून चालत आली आहे. अमक्यांकडे तमक्या बैठकीची टेप आहे असं सगळ्यांना माहीत असतं, आणि विचारलं की उत्तर येतं, "छे, आमच्याकडे कुठली!" देत नाही म्हणाले असते तर परत जाता आलं असतं, विनंती करता आली असती, पुढच्या पिढीला विचारता आलं असतं. नाहीच म्हटल्यावर शोध तिथे संपतो, आणि ज्यांनी लपवलं ते गेले की टेप खरोखरच नाहीशी होते. तिच्यावर काय आहे हे घरातल्यांना ठाऊक नसतं आणि ती भंगारात जाते. असे आवाज गेल्याच्या हकिकती अण्णांच्या तोंडून मी अनेकदा ऐकल्या आहेत, आणि त्या सांगताना त्यांचा आवाज चढतो. त्यांनी स्वतः कधी कुणाला नाही म्हटलं नाही. कोरी कॅसेट घेऊन या आणि प्रत घेऊन जा, एवढाच त्यांचा नियम होता. म्हणून आमच्या शेअरमध्ये काही लपवलेलं नाही. घरात जो कुणी आहे त्याला सगळं दिसतं, सगळं ऐकता येतं. लिहायची आणि पुसायची परवानगी मात्र दोघांनाच आहे, अण्णांना आणि मला.

लॅपटॉपवर एक गाठ आणखी होती. विंडोज एकाच यंत्राकडे एकाच वेळी दोन नावांनी जाऊ देत नाही. सकाळी कुणी वाचकाच्या नावाने शेअर उघडला असेल आणि दुपारी मी लिहिणाऱ्याच्या नावाने गेले, तर ती अडवते. आधीची जोडणी तोडून पुन्हा जायचं, बस्स.

आणि मग सगळं लागलं, पण सगळं नाही. माझ्या यादीत एक बैठक होती, "कऱ्हाड मैफल". नाव दाबलं की सर्व्हर म्हणे, सापडत नाही. डिस्कवर पाहावं तर फोल्डर जागच्या जागी, त्याच नावाचा. अक्षर अक्षर ताडून पाहिलं तरी डोळ्यांना तसूभर फरक दिसेना. हे फोल्डर एके काळी मुलाच्या जुन्या मॅकवरून आरसिंक नावाच्या साधनाने आले होते, आणि तिथेच मेख होती. कऱ्हाडमधला तो ऱ संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा साधा र आणि त्याखाली वेगळा नुक्ता म्हणून. शिवाय र्‍ह हे जोडाक्षर रला एक अदृश्य जोडचिन्ह लावूनही उमटतं. पडद्यावर तिन्ही एकच दिसतात. यंत्राला मात्र ती तीन निरनिराळी नावं. मॅकची जुनी फाइलरचना नावं सुटी करून ठेवायची, अक्षर वेगळं आणि नुक्ता वेगळा. माझ्या यादीत ते एकसंध होतं. इंग्रजी नावांच्या संग्रहात ही अडचण क्वचितच येते. मराठीत मात्र वाऱ्यावर, दुसऱ्या, साऱ्या, तऱ्हा, जिथे जिथे हा ऱ आहे तिथे तिथे गाणं असं हरवू शकतं, डोळ्यांसमोर असूनही. माझं स्पष्ट मत आहे की याला भिऊन फोल्डरांना रोमन लिपीतली नावं देऊ नयेत. कॉन्व्हएमव्ही नावाचं एक लहानसं साधन आहे, ते सगळ्या नावांतली सुटी चिन्हं एकसंध करून देतं. ते चालवलं आणि कऱ्हाडची मैफल परत आली. आपल्या गाण्यांची नावं आपल्या अक्षरांत राहतील एवढी मेहनत घेतलीच पाहिजे.

पावसाळ्यात लाईट जाते-येते, त्याचीही सोय करायला हवी होती. लाईट आली की रास्पबेरी पाय आधी जागा होतो, डिस्कवालं यंत्र मागून. पायने शेअर मागितला, तो तयार नसला, की जिथे गाणी दिसायला हवीत तिथे रिकामं फोल्डर उरतं, आणि रात्री सर्व्हर आपणहून झडती घेतो तेव्हा गाणी नाहीत असं समजून यादी पुसतो. फाइलींना धक्का लागत नाही, पण सकाळी पुन्हा शून्य अल्बम. उपाय असा की जोडणी सुरू होतानाच करू नकोस, कुणी पहिल्यांदा मागेल तेव्हा कर, असं प्रणालीला लिहून द्यायचं. एका ओळीचं काम आहे. शिवाय आठवड्यातून एकदा सगळ्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली जाते आणि ती डिस्क मुलाकडे पुण्याला असते.

आता सर्व्हरच्या यादीत एकच जागा खटकते. ज्या फाइलींवर कलाकाराचं नाव नाही त्या साऱ्या तो एका नावाखाली गोळा करतो: कलाकार नाही. अण्णांच्या कॅसेटीत अशा बऱ्याच आहेत. रेडिओ मध्येच लावला, नाव आधीच सांगून झालं होतं, किंवा शेवटची घोषणा टेपवर आली नाही. एका ओळीखाली किती वेगवेगळे गळे एकत्र पडलेत. त्यांना एकेक करून सोडवायचं काम अण्णांनी आणि मी हाती घेतलं आहे. नाव मिळालं तर नाव लिहायचं, नाहीतर कॅसेटचा क्रमांक, बाजू, केंद्र, साधारण साल.

काल एक मारवा निघाला. नव्वदच्या कॅसेटची ब बाजू, सांगली केंद्र, बाईंचा आवाज, रुंद आणि सरळ. अण्णांनी तो पुरता ऐकला.

"नाव लिहू का कुणाचं?" मी विचारलं. त्यांच्या मनात एक नाव आलेलं मला दिसत होतं.

"नको. खात्री नाही. आपण चुकीचं लिहिलं तर पुढे सगळे तेच म्हणत राहतील. कोल्हापूरला पाठव, माझ्याबरोबर होते ना गार्डसाहेब, त्यांच्याकडे. त्यांचा कान पक्का आहे. त्यांनी ओळखलं तर लिहू."

फाइल अडीचशे एमबीच्या आसपासची आहे. पेनड्राइव्हवर घेतली आणि सोबत कागदावर केंद्र, बाजू आणि राग लिहून दिला. धाकटे दीर सोमवारी सकाळच्या गाडीने कोल्हापूरला निघालेत, त्यांच्याकडे देणार आहे.